बाई, तुमचं ‘शक्यतो’

बाई,

कागद पुढ्यात घेतला आणि सवयीनं वर ‘विषय’ लिहून मोकळा झालो. त्याखाली ‘संदर्भ’. संदर्भापुढं काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं, ‘आपलं शुक्रवारचं तोंडी आश्वासन’. मग दोन्ही ओळी खोडल्या. गेलेल्या माणसाला जावक क्रमांक घालून पत्र लिहिणारा पहिला माणूस मीच ठरलो असतो, आणि ते पत्र तुम्ही फ्रेम करून भिंतीवर लावलं असतंत.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. त्या शुक्रवारी संध्याकाळी हेल्मेटचा पट्टा लावता लावता तुम्ही म्हणालात, “शिगवण, उरलेलं सोमवारी भांडू. शक्यतो सकाळीच, म्हणजे दुपार चांगली जाईल.” रविवारी सकाळी किहीमच्या घरी तुम्ही चहाचं आधण ठेवलंत, आणि ते उतरवायला तुम्ही उरला नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंसुद्धा नसेल. मला हे पटलेलं नाही. तुम्हाला न कळता काही झालं, असं अकरा वर्षांत मी एकदाही पाहिलेलं नाही.

सोमवारी मी वेळेवर आलो होतो. भांडायची तयारी करून ठेवलेली होती, मुद्देसूद, एक ते सात. तो कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे. त्यातला सहावा मुद्दा तर असा होता की तुम्ही निरुत्तर झाला असता. म्हणजे, दोन मिनिटं तरी.

आपलं केंद्र नेमकं करतं काय, हे मी माझ्या सासऱ्यांना आजवर समजावू शकलेलो नाही. पाटी आहे ‘कला शिक्षण धोरण केंद्र’. अलिबागेत, मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानावर, तीन खोल्या आणि एक गच्ची. पाटीतला ‘कला’ एवढाच शब्द वाचून लोक जिना चढतात. कुणाला मुलीला नाच शिकवायचा असतो, कुणाला गणपतीचे डोळे आखून हवे असतात. तुम्ही सगळ्यांना बसवून चहा पाजायचात आणि सांगायचात, “आम्ही चित्रं काढत नाही हो. पोरांना चित्रं काढायला तास मिळावा म्हणून पत्रं काढतो.” अकरा वार्षिक अहवाल मी लिहिले, पण आपल्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला एकातही जमलं नाही. शाळेत चित्राला, गाण्याला, नाटकाला किती तास असतात, ते कोण घेतं, कोण पळवतं, हे हिंडून बघायचं. आणि ज्यांच्या हातात वेळापत्रक आहे त्यांना शिफारस लिहून पाठवायची. झालं आपलं धोरण.

उरणकडचे ते ठाकूर आठवतात? न्हावा शेव्याला ज्यांचे ट्रेलर चालतात ते. थेट तुमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“बाय, इकडं पेंटिंग करतात ना? माझ्या ट्रेलरच्या मागं कायतरी एकदम झकास पायजे.”

मी सविनय नकार द्यायला उठलो, तोवर तुम्ही विचारलंत, “शाळेत चित्र काढायचात?”

“काढायचो ना. मास्तर बोलला, टाइमपास नको, गणित कर. मंग काय! गणित पन न्हाय झाला, आनि चित्र पन गेला.”

“शिगवण, हे लिहून घ्या,” तुम्ही म्हणालात. मला वाटलं, संपलं. पण दोन दिवसांनी अख्ख्या जिल्ह्याला शिफारशी करणाऱ्या संस्थेच्या संचालक भर दुपारी उरणच्या ट्रेलरतळावर ऑइलपेंटचे डबे घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांचा धोरण अधिकारी शिडी धरून. तुम्ही बगळा काढलात, एका पायावर उभा, खाली मिठागराचं पाणी. ठाकुरांनाही एक ब्रश दिलात. पाण्यातल्या रेघा त्यांच्या आहेत. गेल्या आठवड्यात वडखळच्या नाक्याला तो ट्रेलर नेमका माझ्या पुढं आला. ओव्हरटेक करायला भरपूर जागा होती. मी केलं नाही. पेणपर्यंत बगळ्यामागून गेलो.

मुलाखतीची गोष्ट मी घरी शंभरदा सांगितली असेल. सरकारी कचेरीत बावीस वर्षं काढून मी आलो होतो, आवक-जावकच्या टेबलापासून अधीक्षकाच्या खुर्चीपर्यंत. सगळे दाखले प्लास्टिकच्या फायलीत, तारखेनुसार. तुम्ही फाइल उघडलीसुद्धा नाहीत. एक कोरा कागद सरकवलात आणि म्हणालात, “तुमच्या घरापासून तुमच्या शाळेपर्यंतचा रस्ता काढा.”

माझं गाव माणगावच्या आतलं. भाताची खाचरं, त्यांचे बांध, बांधावरून शाळा. एवढं सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मी पट्टी मागितली. आधी डावीकडं समास आखला. मग एक सरळ रेघ आणि तिच्या बाजूला दोन झाडं.

“हे देऊळ का?”

“आंबा आहे, बाई.”

तुम्ही इतक्या हसलात की खालच्या जाळीवाल्यानं वर बघितलं. माझ्याआधी येऊन गेलेल्यांनी काय काय काढलं होतं! एकानं तर नदीत पडलेली सावलीसुद्धा. तरी नेमणूक माझी झाली. सहा महिन्यांनी मी धीर करून कारण विचारलं. “बाकीच्यांनी कागद भरून टाकला,” तुम्ही म्हणालात. “तुम्ही समास सोडलात. दुसऱ्याला लिहायला जागा ठेवणारा माणूस मला हवा होता.” मी हे कौतुक समजलो. बायकोलाही तसंच सांगितलं. पुढं अकरा वर्षं तुम्ही त्या समासात फोर-बी पेन्सिलीनं माझं जे काही केलंत, त्यावरून ती आगाऊ सूचना होती हे कळलं.

तुमची स्वतःची गोष्ट तुम्ही प्रत्येक शिबिरात सांगायचात. मी मागच्या रांगेत बसून हजेरी लिहीत असायचो, त्यामुळं ऐकायचो आणि ऐकायचोही नाही. वडील मिठागरावर. वाफ्यात नुकतं धरू लागलेलं मीठ, पांढरं सपाट, आणि बाभळीच्या काटकीनं त्यावर चित्र काढणारी सात वर्षांची तुम्ही. मिठात माती गेली म्हणून वडील ओरडत धावले. मारलं नाही. दुसऱ्या दिवशी वाफ्याच्या एका कोपऱ्याला त्यांनी चिखलाचा छोटा बांध घातला आणि म्हणाले, “यो तुझा.” मग तुम्ही तुमच्या टेबलावरची बरणी उचलून दाखवायचात, राखाडी खडेमिठाची. ते मिठागर आता नाही, त्यावर कंटेनर रचलेत. बरणी तेवढी राहिली, आणि एरवी ती माझ्या फायलींवर वजन म्हणून बसायची.

त्या कोपऱ्यापासून संचालकाच्या खुर्चीपर्यंत तुम्ही आलात, मध्ये एकोणीस वर्षं हायस्कुलात चित्रकलेच्या बाई होऊन. म्हणून सगळे तुम्हाला ‘बाई’च म्हणायचे. मंत्रालयातून फोन आला आणि पलीकडच्यानं ‘मॅडम’ म्हटलं, की तुम्ही इकडंतिकडं बघायचात, कोण आलंय म्हणून. मी एकदा विचारलं होतं, संचालक म्हणजे नक्की काय करायचं असतं. तुम्ही म्हणालात, “सगळ्यांच्या पेन्सिली तासायच्या. आणि कुणाचं टोक मोडलं तर ते आपण मोडलं असं सांगायचं.” मी हसलो होतो. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी तेव्हा लिहून घ्यायला हवा होता.

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगतो. एवढा वेळ इकडंतिकडं केलं ते त्यासाठीच.

चार वर्षांपूर्वीची आपली पहिली मोठी शिफारस. त्यातलं सातवं कलम माझं. ‘आठवड्यातील दोन तास कलेसाठी स्वतंत्रपणे राखून ठेवण्यात यावेत व तशी नोंद वेळापत्रकात दर्शविण्यात यावी.’ मला त्या वाक्याचा केवढा गर्व होता! कुठून निसटायला फट नाही. बावीस वर्षं फटी शोधणाऱ्यांमध्ये बसलेल्या माणसानं लिहिलेलं वाक्य ते. मग ते एका कचेरीच्या हाती लागलं. तिथल्या साहेबांनी शिफारशीचा हुकूम केला आणि शाळा तपासायला माणसं सोडली.

काशीदच्या वरच्या अंगाला, डोंगरातली दोन शिक्षकी शाळा. नाईक गुरुजी. हा माणूस रांगोळीच्या ठिपक्यांनी अपूर्णांक शिकवतो, मातीचा किल्ला करून नकाशा शिकवतो, कविता ढोलकीवर बसवतो. आख्ख्या तालुक्यात ज्याच्याकडं सकाळपासून घंटा होईपर्यंत कलाच चालते, त्याच्या वेळापत्रकात ‘कला’ असा स्वतंत्र तास नव्हता. त्यालाच कारणे दाखवा नोटीस मिळाली.

आपण दोघं त्या कचेरीत गेलो. साहेबांनी शिफारस पुढ्यात टाकली. “हे वाक्य कुणाचं?”

मी पंख्याकडं बघितलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. बावीस वर्षांची सवय असेल. साहेबानं ‘कुणाचं’ म्हटलं की मान आपोआप वर जाते.

“माझं,” तुम्ही म्हणालात.

“बाई, तुम्ही कलाकार माणसं. तुम्हाला सरकारी भाषा कळत नाही. पुढच्या वेळी कुणा जाणकाराला विचारत जा.”

“हो,” तुम्ही म्हणालात. “विचारीन.” जाणकार तुमच्या शेजारच्याच खुर्चीत होता.

नोटीस मागं घेतली गेली. परतताना तुम्ही साळावच्या पुलाअलीकडं गाडी थांबवायला लावलीत, आपण वडापाव खाल्ला, आणि खाडीचा रंग भरतीला वेगळा आणि ओहोटीला वेगळा का दिसतो यावर तुम्ही मला अर्धा तास व्याख्यान दिलंत. मी एक अक्षर बोललो नाही. तुम्हीही त्या कचेरीचा विषय पुन्हा कधी काढला नाहीत. चार वर्षं मी रोज ठरवायचो, आज बोलायचं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र सातव्या कलमात तुमच्या पेन्सिलीनं एक नवा शब्द आला. ‘दोन तास शक्यतो कलेसाठी राखून ठेवावेत.’ दुरुस्त शिफारस तशीच शाळांपर्यंत गेली.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं, हुकूम झाला की तो आधी नाईक गुरुजींसारख्याच्या मानेवर बसतो. शब्दात थोडी हवा राहू द्या. माझं म्हणणं, ज्या शब्दात हवा असते त्यातून तास निघून जातो. “बाई, आपल्याकडं शक्यतो म्हणजे नाही,” मी म्हणायचो. “लग्नाला ‘शक्यतो येतो’ म्हणणारा माणूस कधी आलेला बघितलाय?”

“मी येते,” तुम्ही म्हणायचात. आणि यायचात, हे खरं. माझ्या मुलीच्या लग्नाला तर हळदीच्या आधी येऊन मांडवातल्या रांगोळीत लुडबुड केलीत.

मग शमीमनं माझी बाजू बळकट केली. मुरूडची ही मुलगी तीन महिन्यांच्या टायपिंगसाठी आली होती. तिसऱ्या दिवशी तिनं आपली प्रश्नावली टाइप करता करता खाली स्वतःची एक ओळ घातली, ‘हा प्रश्न मुलांना कळणार नाही’. मी रागावलो. तुम्ही तिला तिथल्या तिथं पाहणीचं काम दिलंत. आज ती पाहणी विभागाची प्रमुख आहे आणि जिल्ह्यातल्या कुठल्या शाळेत कुठला तास कोण खातं, हे तिला तोंडपाठ आहे. यंदा तिनं एका शाळेतलं संभाषण आपल्याला वाचून दाखवलं होतं.

“तुमचा चित्रकलेचा तास कधी असतो?”

“बुधवारी. पन बुधवारी गनिताचे सर येतात.”

“मग चित्रकला?”

“ती वेळापत्रकात असते.”

तुम्ही हसलात, आणि ते तिला पुन्हा वाचायला लावलंत. मी लगेच खोडरबर काढला. नव्या शिफारशीचा मसुदा सुरू झाला होता. त्यातलं ‘शक्यतो’ मी खोडलं. दुपारी जेवून आलो तर ते पुन्हा जागेवर. असं किती दिवस चाललं! मी खोडायचं, तुम्ही लिहायचं. शेवटी त्या जागी कागद इतका झिजला की एक दिवस माझ्या खोडरबरानं आरपार भोक पडलं. तुम्ही तो कागद उजेडाकडं धरून भोकातून माझ्याकडं एक डोळा लावलात आणि म्हणालात, “आता बघू, याच्या जागी काय बसतं.”

तोच तो शुक्रवार.

तुम्ही गेल्यावर विश्वस्तांचं पत्र आलं. मला प्रभारी संचालक केलंय. बाई, मी तीनदा वाचलं, कुठं टंकलेखनाची चूक आहे का बघायला. ज्याचा आंबा देवळासारखा दिसतो, तो कला शिक्षणाच्या धोरणाचा प्रमुख! मी शमीमला म्हटलं, तूच हो. ती म्हणाली, “सर, माझं वय बघा. आणि माझ्या डोक्यावर ओरडायला कुणीतरी नको का? बाईंनंतर ते तुम्हालाच जमतं.” मग तिनं तुमच्या टेबलावरची धूळ पुसली आणि “अल्ला त्यांना जन्नत देवो, तिकडं पण सगळ्यांना कामाला लावलं असेल,” असं म्हणून नाक शिंकरलं.

मसुदा सोमवारी जायलाच हवा. नव्या वर्षाची वेळापत्रकं आता ठरायला लागतील. आपण उशीर केला तर आणखी एक वर्ष चित्रकला वेळापत्रकातच राहील. खाली सही माझी. आणि मधोमध ते भोक. ‘शक्यतो’ काढलं, तर उद्या कुठल्या डोंगरात कुठल्या गुरुजींना नोटीस जाईल. ठेवलं, तर बुधवारी गणिताचे सर येतील. शिवाय तुम्ही नसताना तुमचा शब्द काढून टाकायचा, हे म्हणजे समोरचा खेळाडू उठून गेल्यावर सोंगट्या हलवण्यासारखं वाटत होतं. दोन आठवडे मी ती फाइल या टेबलावरून त्या टेबलावर नेत राहिलो. सरकारी कचेरीत याला कार्यवाही म्हणतात.

परवा, बुधवारी, जिन्यावर चपला वाजल्या. नाईक गुरुजी. हातात पिशवी, पिशवीत वालाच्या शेंगा.

“बाईंनी सांगितलंवतं, शेंगा भरल्या का घेऊन या. पोपटी लावू बोलल्या. आता त्या न्हाईत म्हनून शेंगा थोड्याच थांबतात?”

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ते पाणी पीत असतानाच बोलून टाकलं. चार वर्षं तुमच्यापाशी जे निघालं नाही ते त्यांच्यापाशी एका दमात निघालं. “गुरुजी, तुम्हाला नोटीस ज्या वाक्यावरून आली ना, ते बाईंचं नव्हतं. माझं होतं.”

गुरुजींनी भांडं खाली ठेवलं. “ठावं हाय मला.”

“कसं?”

“नोटिशीच्या दुसऱ्या दिशीच बाई आल्या व्हत्या शाळंत. बोलल्या, गुरुजी, वाक्य आमच्या शिगवणांचं. मानूस जरा भित्रा हाय, पन वाक्य पक्कं लिवतो. मी त्यांना सोडनार न्हाय. कचेरीत मी माझं म्हनून सांगनार, तुमी पन तसंच सांगा.”

म्हणजे साळावच्या पुलापाशी तुम्ही खाडीचे रंग सांगत होतात, तेव्हा हे सगळं आधीच उरकून आला होतात!

“आनि तो शक्यतो,” गुरुजी म्हणाले, “माझ्यापायीच घातला ना बाईंनी? त्यानंच माझा घात केला बघा. आता तपासाला येतात ते बोलतात, गुरुजी, शक्यतो लिवलंय ना, मंग त्या तासाला सराव परीक्षा घ्या. मागल्या महिन्यात बाई आल्या तवा सांगितलं मी त्यांना.”

“मग? काय म्हणाल्या?”

“हसल्या. बोलल्या, खरं हाय तुमचं. पन शिगवणांना इतक्यात सांगू नका. डोक्यावर बसतील माझ्या.”

बाई! म्हणजे शेवटचा पुरा महिना तुम्ही हरलेलं भांडण माझ्याशी भांडत होतात. रोज दुपारी ते ‘शक्यतो’ परत लिहीत होतात, स्वतःला पटत नसताना, निव्वळ मी खोडावं म्हणून! मी इतक्या मोठ्यानं हसलो की शमीम आतून धावत आली. अकरा वर्षांत तुमच्यावर मिळवलेला पहिला विजय, आणि तो मला एका गुरुजींकडून तोंडी कळावा. हसता हसता चष्मा ओला झाला. अशा वेळी बायकांना पदर असतो. मी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला.

पोपटी म्हणजे शेंगा मडक्यात पाला घालून भाजायच्या; पण मडकं नव्हतं, भांबुर्डीचा पाला नव्हता. शमीमनं शेंगा चहाच्या पातेल्यात उकडल्या. त्यात मीठच नव्हतं. ऑफिसात मीठ कुठून असणार? ती इकडंतिकडं बघत होती आणि मग तिनं सरळ तुमच्या टेबलावरची बरणी उघडली. मी ‘अगं, अगं’ म्हणेपर्यंत चार खडे शेंगांवर पडलेसुद्धा. “बाईंनीच टाकलं असतं,” ती म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून मी फक्त झाकण नीट लावायला सांगितलं.

गुरुजींनी एक खडा जिभेवर ठेवला. “ह्या मिठाची चव येगळी हाय. कुठला?”

मग शमीमनं त्यांना ती गोष्ट सांगितली. मिठागर, काटकी, वडील, चिखलाचा बांध, “यो तुझा”. अगदी तुमच्या आवाजात, तुम्ही जिथं थांबायचात तिथं थांबून. या वेळी माझ्या हातात हजेरीपट नव्हता. शेंगा होत्या. मी पहिल्यांदा नीट ऐकलं.

“मंग?” गुरुजींनी विचारलं. “बा काय काढायला सांगायचा?”

“ते काही नाही. कोपरा दिला, संपलं. काय काढायचं ते त्यांनी कधी विचारलंच नाही,” शमीम म्हणाली.

“तेच तर बोलतो मी,” गुरुजी शेंग सोलत म्हणाले. “तास पायजे. पक्का पायजे. कुनी हात लावता कामा नये. पन त्यात काय करायचं, कसं करायचं, ते आमच्यावर सोडा ना.”

मी तसाच उठलो, हात धुवायचेही राहिले. बाई, आपण दोघंही चुकलो होतो. तुमचा शब्द चांगला होता, माझं वाक्य चांगलं होतं. तुम्ही तो बांधाला लावलात आणि बांध फुटला. मी तो काढून टाकायला निघालो होतो, म्हणजे कोपऱ्यात काय काढायचं तेही मीच ठरवणार होतो. शब्द खोडायचा नव्हता. त्याची फक्त जागा बदलायची होती.

आता सातवं कलम असं आहे : ‘आठवड्यातील दोन तास कलेचेच राहतील. ते कसे घ्यायचे आणि त्यांत काय करायचे, हे शक्यतो शिक्षकांनी व मुलांनी ठरवावे.’

गुरुजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “व्हय. आता कसं!” शमीम म्हणाली, “यातलं ‘व’ काढा, ‘आणि’ लिहा.” लिहिलं. ओरडायला कुणीतरी पाहिजे म्हणाली होती, पण ओरडण्याचं काम तिनंच सुरू केलंय. केंद्राचं ठीक चालेल, असं मला वाटू लागलंय.

तुमचे आभार मानायचे राहिलेत. तुम्ही ‘माझं’ म्हणालात तेव्हा मी पंख्याकडं बघत होतो, म्हणून तुमचा चेहरा मला दिसला नाही. तो बघायला हवा होता. पुढच्या वेळी कुणा साहेबानं ‘हे वाक्य कुणाचं’ म्हणून विचारलं, तर मी खाली बघणार नाही आणि वरही बघणार नाही. शमीमनं लिहिलेलं असलं तरी माझं म्हणून सांगेन. एवढं मी तुमच्याकडून शिकलो. आंबा अजून येत नाही.

आज शुक्रवार आहे. नवा मसुदा तुमच्या टेबलावर ठेवलाय, मिठाच्या बरणीखाली. जन्मात पहिल्यांदा मी मसुदा पेन्सिलीनं लिहिलाय, तुमच्याच फोर-बीनं, आणि समास नेहमीपेक्षा रुंद सोडलाय. शेजारी खोडरबर आहे. सोमवारी अकरा वाजता त्यावर शाई फिरवून सही करणार आहे, पदनामासकट. तो बेत पक्का आहे.

त्याआधी काही खोडायचं असेल, भांडायचं असेल, तर सकाळी मी लवकर येऊन बसतो. या, बाई. शक्यतो.